कानापुढे दोन बोटं

कानाच्या पुढे, अगदी लागून, दोन बोटं ठेव.
आता तोंड उघड. सावकाश.
मीट.
आला आवाज?

एर्झुरूममध्ये फेब्रुवारी म्हणजे
नाकातला श्वास नाकातच गोठतो.
वसतिगृहाच्या तिसऱ्या मजल्यावर मी
दारं वाजवत फिरते, हातात दहा प्रश्नांचा कागद
आणि एक पेन,
जे आधी रुसतं, मग लिहितं.

जांभई देताना दुखतं का?
उठल्यावर गाल जड वाटतात?
रात्री दात खातेस, असं कुणी सांगितलंय?
होय. नाही. कधीकधी.
सगळ्यात जास्त खुणा ‘कधीकधी’च्या चौकटीत.
कधीकधी म्हणजे रोज,
हे मला अकराव्या दारापर्यंत कळलं.

कायदा शिकणारी बेर्फिन म्हणाली,
सफरचंद हल्ली चिरूनच खाते.
पूर्वी? पूर्वी बाबांसारखी, अख्खं, बियांसकट.

कार्सहून आलेली झेलिहा
दोन पेपरांच्या मधल्या रविवारी
हसायला तोंड उघडलं आणि आ वासूनच राहिली.
मैत्रिणींना वाटलं, कुणाची तरी नक्कल करतेय.
त्या हसत राहिल्या, हिच्या डोळ्यांतून पाणी.
सात मिनिटं. ती मोजत होती.
मग आपोआप, खट्‌.
तेव्हापासून ती विनोदाला
ओठ मिटून दाद देते.

हाजेरला दुखत नाही काही.
तिला फक्त आवाज येतो, घासाघासाला,
मशिदीच्या पायरीवर बसलेले म्हातारे
काळ्या ओल्तू दगडाची माळ ओढतात ना, तसा.
“समोर बसलेल्याला ऐकू जातो का गं?”
हा अकरावा प्रश्न. माझ्या कागदावर नाही.

बेचाळीस मुली. सत्तावीस.
पुन्हा मोजलं. सत्तावीसच.
सर म्हणाले, या वयात असतंच,
बहुतेकींचं जातंही आपसूक,
तक्ता तेवढा नीट आखा.

तक्ता आखायला ग्रंथालयात बसले.
ओठ मिटलेले, दातांमध्ये फट:
विश्रांतीतला जबडा असा असावा,
पहिल्याच वर्षी शिकवलं होतं आम्हाला.
दातांनी दातांना भेटायचं ते घासापुरतं.
मान वर केली, तर समोर एका ओळीत नऊ जबडे,
नऊही आवळलेले.
गालावरचा तो छोटा गोळा हलतो, थांबतो, हलतो.
चावण्यासारखं कुणापुढे काही नाही.
पुस्तकं आहेत.

कुणी काय काय गिळलंय, याला चौकट नाही.
खोलीचं थकलेलं भाडं. घरचा फोन, “एवढा खर्च करून…”
भर वर्गात फेकलेलं एक वाक्य,
ज्याचं उत्तर जिभेच्या टोकाशी तयार होतं
आणि दातांनी दार लावून घेतलं.
दात-ओठ खाणं म्हणतात त्याला.
ओठ सुटतात बहुतेकदा.

माझा स्वतःचा कागद मी भरलेला नाही.
विचारणाऱ्यानं भरायचा नसतो.

संध्याकाळी तुंजाय काकांच्या चहाखान्यात.
आमच्या गावात साखर चहात घालत नाहीत,
खडा दातांत धरतात
आणि त्याच्यावरून कडक, काळा चहा ओढतात,
खडा न फोडता.
काकांना एक खडा तीन पेले पुरतो,
आणि ते तो पुरवतात, गिऱ्हाईक बघतंय याची खात्री करून.
माझा पहिल्याच घोटाला
कडाड.

काका वर बघतात. “फोडलास?”
मी मान हलवते. उजव्या कानापुढे दोन बोटं.
जीभ वर, टाळूला, ‘न’ म्हणताना टेकते तिथे.
दात सुटे. खांदे खाली.
हेच तर सांगितलंय मी सत्तावीस जणींना,
दिवसातून दहा वेळा करा, काही अवघड नाही.

काका बशी पुढे सरकवतात, त्यात नवा खडा.
“सावकाश,” म्हणतात,
“तो काही पळून जात नाहीये.”